हात समोर आल्यावर

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असते आणि तिचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर असतो. पुरुषांच्या सामन्यातला सात नंबरचा बॉल सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाचा. आकडे पाहिले तर जागा भरपूर आहे. पण बॉल वरून सरळ पडत नाही, तिरपा येतो. ४५ अंशांत उतरणाऱ्या बॉलला रिंगचे तोंड जेमतेम ३२ सेंटिमीटर उघडे मिळते. ३० अंशांत ते साडेबावीसवर येते, म्हणजे बॉलपेक्षाही अरुंद, आणि असा बॉल कड्याला लागल्याशिवाय आत जाऊच शकत नाही. रिंगच्या रेषेत ठेवलेले कोपर, मनगटाचा झटका, बॉलला मिळणारी उलटी फिरकी, शेवटी खाली झुकलेली बोटे हे शूटिंगचे सारे तंत्र या थोड्या सेंटिमीटरांच्या हिशेबासाठी उभे आहे.

डिफेंडर समोर आला की या हिशेबातल्या चार गोष्टी एकदम हलतात. हातातला वेळ कमी होतो. समोरच्या पंजावरून वाट काढायची म्हणून बॉल सोडण्याची उंची आणि कोन बदलतो. रिंग झाकली जाते किंवा उशिरा दिसते. आणि शॉट मारायचा की नाही हा प्रश्न, जो रिकाम्या कोर्टवर कधीच पडत नाही, तो प्रत्येक पासगणिक पडतो. गोर्मन आणि मलोनी या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिफेंडरसह आणि डिफेंडरशिवाय मारलेले शॉट मोजले. समोर माणूस असताना खेळाडूंची हालचाल लवकर उरकत होती, ते स्वतः आणि बॉल दोघेही जास्त वेळ हवेत राहत होते आणि कमी शॉट आत जात होते. जंप शॉटवरच्या २००० सालच्या एका स्पॅनिश अभ्यासातही प्रतिस्पर्ध्यासमोर बॉल अधिक उंचावरून आणि अधिक उभ्या कोनात सुटत असल्याचे दिसले होते. खेळाडूच्या मनात भीती असो वा नसो, डिफेंडरसमोरचा शॉट शरीराच्या दृष्टीनेच निराळा असतो.

नजरेचा मुद्दा त्याहून सूक्ष्म आहे. नेदरलँड्सचे राऊल औडेयान्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये खेळाडूंना उघडमिट होणाऱ्या काचांचे चष्मे लावून शूटिंग करायला लावले. बॉल डोक्यावर नेऊन मारणाऱ्या खेळाडूंना बॉल सुटण्याआधीचा शेवटचा क्षणभर रिंग दिसली, तरी त्यांचे शॉट पूर्ण दिसत असल्यासारखेच जात. तो क्षण झाकला आणि आधीचा मोकळा ठेवला, की नेम ढासळे. डिफेंडरचा हात नेमका त्याच क्षणी समोर येतो.

मग सराव कसा घ्यावा, यावर प्रशिक्षकांत दोन पक्ष आहेत. पुढच्या संवादात ते दोघे जण मांडतात: शाळकरी मुलांना अनेक वर्षे शिकवत आलेले एक ज्येष्ठ प्रशिक्षक, आणि त्यांच्याच हाताखाली खेळून आता क्लबमधल्या मुलींना शिकवणारी एक प्रशिक्षिका.

ज्येष्ठ: रिंगच्या पुढ्यात एकटा उभा राहून ज्याचे दहातले सात शॉट पडत नाहीत, त्याच्यासमोर डिफेंडर उभा करून तू काय शिकवणार? घाई. घाईत कोपर बाहेर जातं, बॉल तळहातावर बसतो, दुसरा हात शेवटपर्यंत ढकलत राहतो. ही सवय लागायला महिना पुरतो, मोडायला वर्षं जातात.

प्रशिक्षिका: सर, माझं कोपर तुम्हीच सरळ केलंत, त्याबद्दल वाद नाही. पण तेव्हा मी पास आला की बॉल आधी कमरेपर्यंत खाली घ्यायचे आणि मग वर न्यायचे. एकटी मारताना त्याला भरपूर वेळ असायचा. शॉट पडत होते, म्हणून कुणाला त्यात खोट दिसली नाही. मॅचमध्ये बॉल खाली असतानाच समोरचीचा हात त्याच्यावर पडायचा. रिकाम्या कोर्टवरही वाईट सवयी लागतात, फक्त तिथे त्या उघड्या पडत नाहीत.

ज्येष्ठ: ती माझी नजर कमी पडली म्हण. पद्धत चुकली असं नाही.

प्रशिक्षिका: नजर कुणाचीही असती तरी दिसलं नसतं, कारण ती चूक एकटीनं मारताना चूक नसतेच. समोर कुणी आलं की ती चूक होते.

हा प्रशिक्षिकेच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. चांगली शैली म्हणजे काय, हे समोर कोण आहे यावरही ठरते. तरीही ज्येष्ठांच्या आक्षेपातला अर्धा भाग खरा उरतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पूर्ण उंचीच्या रिंगपर्यंत बॉल पोचवायलाच सारे अंग लावावे लागते. त्यात आणखी कुणी अंगावर आले, तर तो खांद्यावरून बॉल फेकायला शिकेल. म्हणूनच मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते आणि बॉल पाच नंबरचा असतो. ही सोय ज्या मैदानावर नाही, तिथे सुरुवातीचे काही महिने ज्येष्ठांचाच क्रम पाळणे शहाणपणाचे.

ज्येष्ठ: आणि पुनरावृत्तीचं काय? एकाच जागेवरून पन्नास शॉट मारले की हाताला वाट सापडते. तू दर शॉटला जागा बदलतेस, पास बदलतेस. मुलींना लय सापडणार कधी?

प्रशिक्षिका: लय सापडते ना सर, पण त्या पन्नास शॉटपुरती. चाळिसावा शॉट मारताना एकोणचाळिसावा अजून हातात असतो. डोक्याला काही करावंच लागत नाही. मॅचमध्ये एका जागेवरून लागोपाठ दोन शॉटसुद्धा क्वचित मिळतात. तिथे प्रत्येक शॉट पहिलाच असतो.

या वादावर जुने प्रयोग आहेत. रॉबर्ट कर आणि बर्नार्ड बूथ यांनी १९७८ मध्ये मुलांना लहान पिशव्या निशाण्यावर टाकायला लावल्या. आठ वर्षांच्या मुलांपैकी काहींनी तीन फुटांवरूनच सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर झाली, तरी ज्यांनी त्या अंतरावर सरावच केला नव्हता त्यांचा नेम सरस ठरला. पुढच्याच वर्षी जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी दाखवले, की एकच कृती सलग करणारे सरावाच्या वेळी पुढे असतात, पण मिसळून करणाऱ्यांचे शिकलेले अधिक टिकते. प्रयोगशाळेतले हे निष्कर्ष मैदानावर तितक्याच ठळकपणे उतरतात असे नाही, आणि अगदी नवशिक्यांना मिसळलेला सराव जड जातो. प्रशिक्षकाला सावध करणारी गोष्ट एवढीच, की सरावाच्या तासातले टक्के शिकण्याचे माप म्हणून फसवे असतात. मुलगी आज किती शॉट पाडते यापेक्षा पुढच्या आठवड्यात पहिल्याच पासवर काय करते, ते पाहावे.

ज्येष्ठ: प्रयोग राहू दे. एका कोर्टवर रिंग दोन आणि मुलं तीस. प्रत्येकाला डिफेंडर दिला तर शॉट मिळणार किती? आणि डिफेन्स मीही लावतोच की. काठीला झाडू बांधून समोर उभा राहतो, पोरं त्यावरून मारतात.

प्रशिक्षिका: झाडूमुळे बॉल वरून सोडायची सवय लागते, तेवढं खरं. पण झाडू कुठून येणार ते पोरांना आधीच माहीत असतं. तो धावत येत नाही, फसत नाही, उशिरा पोचत नाही. मॅचमधला डिफेंडर सहसा समोर उभा नसतोच. तो दुसरीकडून येत असतो.

मुद्दा मोलाचा आहे आणि बहुतेक सरावांतून नेमका हाच गळतो. संघाच्या खेळातले पुष्कळसे बाहेरचे शॉट क्लोजआउटसमोर मारले जातात: डिफेंडर आत मदतीला गेलेला असतो, बॉल बाहेर येतो आणि त्याला परत धावावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आहे; रिंगखालून तिथे पोचायला चपळ खेळाडूलाही सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि नेटका पास त्याच्या आधी पोचतो. शूटरला मिळणारी सवड या दोन वेगांच्या फरकाएवढीच. सरावाला याच फरकावर काम करता येते.

प्रशिक्षिकेची मांडणी साधी आहे. डिफेंडर रिंगखाली बॉल घेऊन उभी. तीच शूटरला पास देते आणि पासमागोमाग धावत सुटते. शूटर गुडघे वाकवून, हात छातीसमोर ठेवून, पाय जवळजवळ तयार करूनच पास घेते. डिफेंडर शेवटच्या दोन-तीन पावलांत पावले आखूड करते आणि एक हात वर नेते; तसे केले नाही तर शूटर बाजूने निघून जाणार हे तिलाही ठाऊक असते. शूटरला आता एकच गोष्ट वाचायची आहे: येणारीचा वेग आणि तोल. ती लांब असेल किंवा पावले आखूड करून मागे रेंगाळत असेल, तर शॉट. ती ताठ, भरधाव, हात उंच करून येत असेल, तर बॉल वर दाखवून एक ड्रिबल आणि पुढे. बॉल हातात येईपर्यंत हे ठरलेले हवे. बॉल पकडून मग विचार करणारीसमोर डिफेंडर पोचलेलीच असते.

यातली कठीणता एका गोष्टीने कमीजास्त होते: डिफेंडर कुठून निघते. पहिल्या आठवड्यात ती पास दिल्यावर एंडलाइनला हात लावून मग धावते, म्हणजे शूटरला जवळजवळ नेहमी शॉट मिळतो. नंतर रिंगखालून, मग फ्री थ्रोच्या रेषेवरून. पुढे डिफेंडर निघण्याची बाजू शूटरला सांगितलीच जात नाही. अखेरीस दोन विरुद्ध एक आणि तीन विरुद्ध दोन, जिथे कोणती डिफेंडर कुणाकडे जाईल हे कुणालाच आधी कळत नाही. ज्येष्ठांच्या तीस मुलांच्या अडचणीलाही इथे उत्तर आहे. तीन विरुद्ध दोनच्या खेळात एका रिंगवर पाच मुले एकाच वेळी शिकतात आणि बाहेरची फळी लगेच आत येते. शॉटची संख्या घटते हे खरे. पण त्यातला प्रत्येक शॉट डोळे उघडे ठेवून मारलेला असतो.

ज्येष्ठ: आणि चुकत गेल्या तर? पाच वेळा ब्लॉक झालेली मुलगी सहाव्यांदा शॉटच मारत नाही. मी अशी पोरं पाहिली आहेत.

प्रशिक्षिका: मीही पाहिली आहेत, सर. म्हणून सुरुवातीला डिफेंडरला ब्लॉक करायची परवानगीच नसते. हात वर करायचा, उडी नाही. डिफेंडर शूटरला काय चाललंय ते दाखवायला असते, तिला हरवायला नव्हे. निम्म्याहून कमी शॉट पडायला लागले की मी डिफेंडरला एक पाऊल मागे नेते.

शूटिंगचे माप घेण्याची पद्धतही यामुळे बदलावी लागते. एनबीएत २०१३-१४ च्या हंगामापासून सर्व कोर्टांवर कॅमेरे बसले आणि प्रत्येक शॉटच्या वेळी सर्वांत जवळचा डिफेंडर किती फुटांवर होता ते नोंदले जाऊ लागले: २ फुटांच्या आत, २ ते ४, ४ ते ६, आणि ६ फुटांच्या पुढे. शाळेच्या मैदानावर कॅमेरे लागत नाहीत. वहीत तीन रकाने पुरतात: मोकळा, हातभर अंतरावर, अंगावर. बाकावर बसलेली राखीव खेळाडू ते भरू शकते. चौथा रकाना मात्र हवाच: मिळालेला पण न मारलेला मोकळा शॉट. केवळ टक्के मोजले, की बिचकणारी खेळाडू अचूक ठरते, कारण ती अवघड शॉट मारतच नाही आणि सोपेही सोडून देते. तिच्या न मारलेल्या शॉटमुळे संघाचे होणारे नुकसान कुठल्याच गुणपत्रकात उतरत नाही, आणि म्हणून ते दुरुस्तही होत नाही.

दबावाचा दुसरा प्रकार डिफेंडरशिवायच येतो. फ्री थ्रोच्या वेळी समोर कुणी नसते, अंतर ठरलेले असते, ४.६ मीटर, आणि आंतरराष्ट्रीय नियमांत पाच सेकंद मिळतात. तरी एनबीएसारख्या स्पर्धेतही सरासरी प्रमाण गेली अनेक दशके ७५ टक्क्यांच्या आसपासच राहिले आहे.

ज्येष्ठ: इथे तरी माझं ऐक. फ्री थ्रोला डिफेंडर नाही, निर्णय नाही. इथे फक्त ठरलेली पद्धत. बॉल दोनदा आपटायचा, श्वास सोडायचा, रिंगकडे बघायचं, मारायचा. शंभर वेळा, तशीच.

प्रशिक्षिका: पद्धत तुमचीच, सर. पण शंभर सलग नको. धावून दमल्यावर, दोनच, आणि सगळ्या बघत असताना.

इथे दोघांचेही पुरावे जवळ येतात. जोन व्हिकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो मारणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला. निष्णात खेळाडू हालचाल सुरू होण्याआधी रिंगच्या एका बिंदूवर जास्त वेळ नजर स्थिर ठेवत होते. ठरलेली पद्धत उपयोगी पडते ती बहुधा या स्थिर नजरेला जागा करून देते म्हणून. दुसऱ्या बाजूने, औडेयान्स आणि पायपर्स यांच्या २००९ च्या अभ्यासात काही खेळाडूंनी मुद्दाम थोड्या दडपणाखाली फ्री थ्रोचा सराव केला, काहींनी नेहमीसारखा. नंतर दडपणाखाली परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्या गटाचा नेम घसरला, पहिल्याचा टिकला. दडपण सौम्यच ठेवायचे. शॉट हुकला म्हणून पूर्ण संघाला पळवण्याची शिक्षा अनेक मैदानांवर चालते. तिने मुलीला शॉटची नव्हे, मैत्रिणींच्या चेहऱ्यांची धास्ती बसते, आणि पुढच्या वेळी तिची नजर रिंगवर ठरत नाही.

दोन्ही पक्ष आपला म्हणून सांगतात असा एक शॉट आहे. १८ जून २०१३, मायामी, एनबीए अंतिम मालिकेतला सहावा सामना. सॅन अँटोनियो मालिकेत ३-२ ने आणि सामन्यात ९५-९२ ने पुढे. लेब्रॉन जेम्सचा तीन गुणांचा शॉट हुकला, ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला, आणि रे ॲलन रिंगजवळून उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्यात सरकला. एनबीएच्या कोर्टवर तिथे तीन गुणांची रेषा आणि बाजूची रेषा यांच्यात फक्त तीन फुटांची पट्टी असते. ॲलनने खाली न पाहता त्या पट्टीत पाय रोवले, पास घेतला आणि धावत येणाऱ्या डिफेंडरच्या हातावरून शॉट मारला. ५.२ सेकंद उरले असताना बरोबरी झाली. मायामीने जादा वेळेत १०३-१०० ने सामना जिंकला आणि पुढे मालिकाही.

ॲलन अनेक वर्षे एक विचित्र वाटणारा सराव करत असे. तो रिंगपुढच्या पट्ट्यात आडवा पडायचा, झटकन उठायचा, उलट्या पावलांनी कोपऱ्यात जायचा, पास घ्यायचा आणि रेषांना पाय न लावता शॉट मारायचा.

ज्येष्ठ: बघ, यात डिफेंडर कुठे आहे? एकटा माणूस, एकच हालचाल, हजारो वेळा.

प्रशिक्षिका: पण ती हालचाल त्याने मॅचमधून उचलली, सर. गोंधळात पडायचं, उठायचं, पाय न बघता रोवायचे. त्याने डिफेंडर नाही ठेवला, डिफेंडरमुळे जे घडतं ते ठेवलं.

प्रशिक्षिकेचे वाचन अधिक नेमके आहे. मात्र ॲलन तेव्हा सदतीस वर्षांचा होता आणि त्याच्या मनगटाची घडी कधीच पक्की झालेली होती, ही ज्येष्ठांची बाजू त्यातून वगळता येत नाही. शैली इतकी मुरलेली होती, म्हणूनच त्याला सगळे लक्ष पायांकडे आणि वेळेकडे देता आले.

डिफेंडरला सरावात आणताना एक काळजी तडजोडीशिवाय घ्यावी लागते. हवेत गेलेल्या शूटरला खाली उतरण्याची जागा मिळाली पाहिजे, हा नियम आहे. त्याने उडी घेतल्यावर डिफेंडरला त्याच्या पायांखाली सरकता येत नाही. १४ मे २०१७ रोजी एनबीएच्या एका मालिकेत सॅन अँटोनियोचा क्वाय लेनर्ड शॉटनंतर डिफेंडरच्या पायावर उतरला, त्याचा घोटा मुरगळला आणि तो उरलेल्या मालिकेत खेळू शकला नाही. त्यानंतरच्या हंगामात एनबीएने अशा बेफिकीर क्लोजआउटवर पंचांना अधिक कडक कारवाईची मुभा दिली. सिमेंटच्या कोर्टवर हा धोका अधिकच. त्यामुळे शूटरच्या आधी डिफेंडरला शिकवायचे: शेवटची पावले आखूड, पाय शूटरच्या बाजूला, उडी घ्यायचीच तर तिरकी. ज्या गटाला हे जमत नाही, तिथे हात वर करून जागीच थांबण्याची अट कायम ठेवावी.

दीड तासाच्या सत्रात वेळेची विभागणी कशी असावी, यावर दोघांचे बरेचसे जुळते. पहिली पंधरा मिनिटे रिंगच्या जवळून, एकट्याने, शैलीसाठी. ज्येष्ठ ती वीस करतात. त्यानंतर क्लोजआउट. मग अर्धा तास दोन-दोन आणि तीन-तीनचे छोटे खेळ, ज्यांत शॉट आठ सेकंदांत आला पाहिजे आणि एका खेळाडूला दोनच ड्रिबल. मध्येमध्ये, दम लागलेला असताना, फ्री थ्रोची जोडी. चौदा वर्षांपुढच्या गटासाठी याबद्दल त्यांच्यात मतभेद उरत नाही.

लहान गटाबद्दल उरतो. ज्येष्ठ म्हणतात, बारा वर्षांपर्यंत शूटरसमोर कुणी नको. प्रशिक्षिका म्हणते, पहिल्या महिन्यापासून कुणीतरी हवे, मग ती हात पाठीमागे बांधून नुसती चालत येणारी मैत्रीण का असेना, म्हणजे मूल बॉल घेताना मान वर ठेवायला शिकेल. कमी उंचीची रिंग आणि लहान बॉल मिळत असेल, तर प्रशिक्षिकेची पद्धत निर्धास्तपणे वापरावी. मोठी रिंग आणि जड बॉल एवढेच हाताशी असेल, तर बॉल छातीवरून न ढकलता कपाळावरून सुटू लागेपर्यंत ज्येष्ठांचे ऐकावे, आणि तोवर चालत येणाऱ्या मैत्रिणीचा उपयोग पास आणि ड्रिबलच्या खेळात करावा.